बाळाच्या कॉटमध्ये काय असावं आणि काय अजिबात नसावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गरोदरपणाचा सातवा महिना चालू आहे. नणंदेकडे नऊ वर्षांपूर्वीचा लाकडी कॉट आहे, तो मिळू शकतो. नवीन घ्यायचा तर दुकानात कॉटबरोबर मऊ बंपर (गजांना आतून लावायची भरावाची पट्टी), उशी, दोन छोटे लोड आणि रजई असा संच दाखवतात. सासूबाईंना वाटतं की गादी जाड आणि मऊ हवी, एवढासा जीव कडक गादीवर कसा झोपेल? शिवाय बाळ दूध उलटून टाकेल या भीतीने डोक्याकडून उंच असलेला बेड घ्यावा का, हेही विचारलं आहे.

मी २४ वर्षं नवजात शिशू विभागात परिचारिका आहे. बाळ घरी गेल्यावर त्याची झोपायची जागा पाहायला अनेक घरी जाऊन आले आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

बाळ दिवसभर कुणाच्या तरी हातात, मांडीवर, खांद्यावर असतं. तिथे कुणाचं तरी लक्ष असतं. कॉट ही घरातली अशी जागा आहे, जिथे आपण त्याला ठेवतो आणि स्वतः झोपी जातो. म्हणून कॉट किंवा त्यातली कुठलीही वस्तू पाहताना मी एकच विचारते: पहाटे तीन वाजता, घरात सगळे गाढ झोपलेले असताना, या वस्तूने बाळाचं काय होऊ शकेल? दुकानात जे छान दिसतं त्यातलं बरंचसं या प्रश्नावर बाद होतं.

आधी गादीबद्दल, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. एका घरी दोन महिन्यांची मुलगी होती, गुटगुटीत. तिच्यासाठी मुद्दाम जाड, मऊ फोमची गादी बनवून घेतली होती. मी गेले तेव्हा ती झोपलेली होती, मान एका बाजूला वळलेली. मी तिला उचललं आणि तिच्या आईला गादीकडे पाहायला सांगितलं. डोक्याच्या जागी वाटीसारखा खळगा तसाच होता. हळूहळू, जवळजवळ मिनिटभराने तो भरून आला. चादरीवर तोंडाजवळ ओला डाग होता, म्हणजे तिचं नाक-तोंड त्या खळग्याच्या कडेला टेकलेलं होतं. तिच्या आईला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही.

असा खळगा वाईट का, ते सांगते. बाळाचं तोंड मऊ पृष्ठभागात रुतलं की त्याने सोडलेला श्वास तिथेच साचतो आणि तोच परत आत जातो. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त होत जातो. मोठं माणूस अशा वेळी दचकून उठतं, मान वळवतं. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मानेत ताकद नसते, आणि झोपेतून जागं होण्याची ती आतली हाकही अजून कच्ची असते. झोपेतल्या अशा आकस्मिक मृत्यूंचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, त्यातही दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात. बाळ अजून पालथंही पडत नाही, तेव्हा काय होणार, असं वाटतं तोच हा काळ.

म्हणून गादी कडक घ्या. तळहात ठेवून चांगली दाबा आणि हात उचला. गादी लगेच सपाट झाली पाहिजे, बोटांचे ठसे राहता कामा नयेत. मोठ्यांसाठी असते ती, शरीराचा आकार धरून ठेवणारी मेमरी फोमची गादी बाळासाठी नको. आत कॉयर आहे, दाट फोम आहे की स्प्रिंग आहेत, यापेक्षा ती दबते किती हे महत्त्वाचं. गादीवर ‘हवेशीर’, ‘बाळाला श्वास घेता येईल अशी’ वगैरे लिहिलेलं असतं. ते वाचून मऊ गादीला सूट देऊ नका. सासूबाईंना सांगा की आपल्याला कडक गादीवर अवघडतं ते आपल्या वजनामुळे. खांदा, कंबर दाबली जाते. तीन-चार किलोच्या बाळाचं तसं काही होत नाही. आमच्या विभागातली बाळं सपाट, घट्ट गादीवरच झोपतात आणि छान झोपतात. बाळाला सुख हवं असतं ते पोट भरलेलं असण्याचं, अंग कोरडं असण्याचं आणि फार गरम न होण्याचं.

मापही नेमकं हवं. गादी कॉटमध्ये बसवा, एका कोपऱ्यात सरकवा आणि समोरच्या बाजूला किती फट राहते ते पाहा. दोन बोटं सहज गेली तर गादी लहान आहे. युरोपातल्या मानकात ही फट ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त चालत नाही. बाळ गादी आणि कठडा यांच्यामध्ये सरकलं की तोंड दोन्हीकडून दाबलं जातं आणि त्याला रडताही येत नाही. म्हणूनच जुन्या कॉटमध्ये दुसरी कुठली तरी गादी टाकून उरलेल्या जागेत टॉवेल किंवा गोधडी कोंबायची, हे अजिबात करू नका. गादीचं नवेपणाचं प्लास्टिक पूर्ण काढा. ओलेपणासाठी गादीला घट्ट बसणारं जलरोधक कव्हर मिळतं, ते घाला आणि त्यावर कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर. चादर धुतल्यावर आटते आणि कोपऱ्यातून सुटते. तशी झाली की बदला.

आता गज. गजांमधल्या फटीबद्दल लोकांना वाटतं की डोकं अडकू नये एवढं पाहिलं की झालं. खरा प्रकार वेगळा असतो. बाळ झोपेत पाय मारत मारत सरकतं, आधी पाय बाहेर जातात, मग कंबर, मग छाती. शरीर मऊ असतं, ते जातं. डोकं जात नाही, आणि बाळ हनुवटीवर लटकतं. अमेरिकेत १९७४ पासून ही फट २⅜ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटीमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, ती याच कारणाने. युरोपात ४.५ ते ६.५ सेंटीमीटर अशी मर्यादा आहे. खालची मर्यादाही आहे, कारण त्याहून थोड्या अरुंद फटीत हात-पाय जातो पण गुडघा, कोपर परत येत नाही. टेप नसेल तर शीतपेयाचा नेहमीच्या जाडीचा कॅन घ्या. त्याचा व्यास साडेसहा सेंटीमीटरच्या आसपास असतो. तो दोन गजांमधून आरपार गेला तर तो कॉट नको. प्रत्येक फटीत लावून पाहा, कारण जुन्या कॉटमध्ये एखादाच गज सैल किंवा वाकलेला असतो.

डोक्याकडच्या फळीवर नक्षीची भोकं, चंद्र-तारे कापलेले असतात. दिसायला गोड, पण तेही त्याच मापात तपासा. चारही कोपऱ्यांचे खांब वरच्या फळीच्या बरोबरीने सपाट हवेत. खांब थोडा जरी वर आला असेल तर उभं राहणाऱ्या बाळाच्या झबल्याचा गळा त्यात अडकतो. खांब दीड मिलिमीटरहून वर नको म्हणतात, म्हणजे जवळजवळ काहीच नको.

वर-खाली सरकणारी बाजू असलेला कॉट घेऊ नका. आईची कंबर वाचावी म्हणून ही सोय आली होती आणि कितीतरी वर्षं तो कॉटचा साधा प्रकार मानला जायचा. पण खाचेतला प्लास्टिकचा तुकडा झिजतो, एक कोपरा निसटतो, बाजू तिरकी होते आणि बाळ त्या फटीत घसरतं. अमेरिकेत २००० सालापासूनच्या दहा वर्षांत अशा कॉटमुळे किमान ३२ मुलं दगावल्याची नोंद झाली आणि २८ जून २०११ पासून तिथे त्यांची निर्मिती आणि विक्री बंद झाली. नणंदेचा कॉट या प्रकारचा असेल तर प्रश्न तिथेच संपला. ती बाजू कायमची ठोकून वापरू, असं म्हणतात. तरीही नको.

तो स्थिर बाजूंचा असेल तर मात्र लगेच नाही म्हणणार नाही. नऊ वर्षं म्हणजे काही फार नव्हेत. पण दोनदा सुटा करून जोडलेला कॉट आणि एकदाच जोडलेला कॉट यांत फरक पडतो. लाकडातल्या भोकांची धार जाते, बोल्ट घट्ट बसत नाही. एका घरी असाच नात्यातून आलेला कॉट होता. रंग नवा, वर सुंदर चादर. मी वरच्या फळीला धरून हलकेच ओढलं तर कोपरा उघडला आणि त्यात माझी करंगळी गेली. खाली वाकून पाहिलं. आठपैकी दोन बोल्ट हरवले होते आणि त्यांच्या जागी साधे लाकडाचे स्क्रू पिळले होते. गादीखालची फळी एका बाजूला नुसती टेकलेली होती. बाळाचे वडील बिचारे हादरून गेले. स्वतःच्या हातांनी जोडला होता त्यांनी.

म्हणून जुना कॉट घेताना मूळ बोल्ट, नट, ब्रॅकेट सगळे आहेत का ते आधी पाहा. जोडणीचा कागद नसेल तर कंपनीचं नाव आणि मॉडेल क्रमांक कॉटच्या खालच्या बाजूला शोधा, त्यावरून तो कागद मिळतो का आणि तो कॉट कंपनीने दोषामुळे कधी परत मागवला होता का, हे पाहता येतं. हरवलेल्या भागाच्या जागी कंपनीचाच भाग हवा. कुठे तडा गेलाय का, पूर्वी चिकटपट्टी लावलीय का, लाकडाचं कुसळ वर आलंय का, यासाठी सगळ्या गजांवरून एकदा उघडा तळहात फिरवा, डोळ्यांनी सुटतं ते हाताला लागतं. रंग मध्येच कधी दिला असेल तर कोणता दिला ते विचारा. दात येताना प्रत्येक मूल वरची पट्टी कुरतडतं, आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं. शिशाचा बाळाच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. कोणता रंग ते कळत नसेल तर तो कॉट नको. आणि कॉट जुना चालला तरी गादी मात्र नवीन घ्या.

बंपर, उशी, लोड, रजई हा सगळा संच नको. भेट आला तर कॉटबाहेर ठेवा. बंपर कशासाठी, तर डोकं गजावर आपटू नये म्हणून. गजावर डोकं आपटून बाळ रडेल, फार तर टेंगूळ येईल. बंपरला तोंड टेकलं की रडण्याचा आवाजच येत नाही. मोठं झालं की त्याच बंपरवर पाय देऊन ते वर चढतं. अमेरिकेत २०२२ च्या मे महिन्यात झालेल्या कायद्याने भरावाचे बंपर विकायला बंदी केली आहे. जाळीचे पातळ बंपर त्या बंदीत येत नाहीत, पण तेही मी लावू देत नाही, कारण त्यांची गरजच नाही. डोकं गोल व्हावं म्हणून मध्ये खळगा असलेल्या छोट्या उशा मिळतात, बाळ कुशीवर राहावं म्हणून दोन्ही बाजूंना लोड लावायचे पट्टे मिळतात, त्यांचंही तेच. डोक्याचा आकार ही काळजी खरी आहे, पण तिचा उपाय जागेपणी करायचा. बाळ जागं असताना, आपण समोर बसून, दिवसातून दोन-तीनदा थोडा वेळ पोटावर ठेवायचं आणि हळूहळू वेळ वाढवायचा. सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं व्हावीत. शिवाय कॉटमध्ये एका रात्री डोकं या टोकाला, दुसऱ्या रात्री त्या टोकाला, म्हणजे ते खिडकीकडे किंवा तुमच्याकडे पाहायला मान दोन्हीकडे वळवतं.

थंडी वाजेल म्हणून पांघरूण घालावंसं वाटतं. पहिलं वर्षभर सुटं पांघरूण नको. आपण घातलेत त्यापेक्षा एक कपडा जास्त, किंवा हात बाहेर राहतील अशी अंगात घालायची झोपपिशवी पुरते. त्यात वजनं भरलेली नको. घरात टोपीही नको, बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे टाकतं. गरम होतंय का ते हातापायांवरून कळत नाही, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवा. घाम असेल तर एक थर काढा. कापडात गुंडाळत असाल तर बाळ वळायची धडपड करायला लागलं की त्या दिवसापासून गुंडाळणं बंद.

आता डोक्याकडून उंच बेडबद्दल. ही भीती मला रोज ऐकू येते. बाळाला उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर श्वासात जाईल ना? चित्र डोळ्यांसमोर आणा. उताण्या बाळाची श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत जायला त्याला चढावं लागेल. पालथं झोपवलं की उलट होतं, अन्ननलिका वर येते आणि दूध सरळ खाली श्वासनलिकेच्या तोंडाशी उतरू शकतं. निरोगी बाळ उताणं असताना दूध आलं तर गिळतं किंवा खोकून बाहेर टाकतं. याउलट, उतारावर ठेवलं की बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दुमडते. वर ज्या कायद्याचं सांगितलं, त्यातच १० अंशांहून जास्त उताराचे झोपायचे बेडही बंद झाले. गादीखाली उशी सरकवून उतार करणं म्हणजे तोच प्रकार घरी करणं. एखाद्या बाळाला विशेष आजार असेल आणि त्याच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल, तर तेवढी गोष्ट वेगळी.

म्हणून सपाट, आणि प्रत्येक झोपेला उताणं, दुपारच्या डुलकीलासुद्धा. आम्ही शिकत होतो तेव्हाच्या जुन्या पुस्तकांत पालथं किंवा कुशीवर झोपवायला सांगितलेलं असे, त्यामुळे आजीला वेगळं आठवतं यात तिची चूक नाही. १९९० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत बाळांना उताणं झोपवा अशी मोहीम झाली आणि झोपेतल्या आकस्मिक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. इतक्या साध्या गोष्टीने इतकी मुलं वाचल्याचं दुसरं उदाहरण माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. बाळ पुढे स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं आणि झोपेत पालथं झालं, तर रात्रभर त्याला उलटवत बसू नका. मात्र ठेवताना उताणंच ठेवा, आणि कॉट रिकामा असू द्या.

कॉट-बेड घ्यावा की साधा कॉट? साध्या कॉटची गादी बहुधा ६० × १२० सेंटीमीटर असते, कॉट-बेडची ७० × १४०. कॉट-बेडच्या बाजू पुढे काढता येतात आणि तो लहान मुलाचा पलंग होतो. जागा असेल तर तो बरा. पण पहिले सहा महिने तरी कॉट तुमच्या खोलीत, तुमच्या पलंगाजवळ हवा, म्हणून आधी खोलीत माप घ्या. तिथे मोठा मावत नसेल तर साधा घ्या, दुसऱ्या खोलीतल्या मोठ्यापेक्षा तो कधीही चांगला. अगदी लहान पाळणा किंवा बॅसिनेट पहिल्या काही महिन्यांपुरता ठीक आहे. बाळ वळायला किंवा हातांवर जोर देऊन उठायला लागलं की त्याचे दिवस संपले.

गादीची फळी निदान दोन-तीन पातळ्यांवर लावता येईल असं पाहा. सुरुवातीला वर ठेवलीत तर टाके असताना वाकावं लागत नाही. बाळ बसायला लागण्याआधी खाली घ्या, आणि धरून उभं राहण्याआधी सगळ्यात खाली. बाळ उभं राहिलं त्या दिवशी सकाळी करू, असं चालत नाही, कारण ते कोणत्या रात्री उभं राहील हे कुणालाच ठाऊक नसतं. सगळ्यात खाली असताना गादीपासून कठड्याच्या काठापर्यंत ५० सेंटीमीटर तरी उंची हवी. जाड गादी घातली की हीच उंची कमी होते, हे लक्षात ठेवा. मुलाची उंची ८९ सेंटीमीटरच्या आसपास झाली, किंवा कठडा त्याच्या छातीपर्यंतच येऊ लागला, की बाजू काढायची वेळ झाली. चाकं असतील तर कुलूप लागणारी हवीत.

कॉट खिडकीपासून, पडद्याच्या दोरीपासून, चार्जर आणि कॅमेऱ्याच्या वायरीपासून हाताच्या टप्प्याबाहेर ठेवा. वर टांगायचं फिरतं खेळणं पाचव्या महिन्यात, किंवा बाळ हात-गुडघ्यांवर उठू लागलं की त्याआधीच, काढून टाका. मच्छरदाणी लावली तर ताणून, आत लोंबणारी नको. झोपवताना गळ्यातली दोरी, लाळेरं, चोखणीची साखळी काढा. पायाला लावायचे श्वासाचे मॉनिटर बरेच जण विचारतात. त्यांच्या भरवशावर यातली कुठलीही गोष्ट सैल सोडू नका.

रात्री दूध पाजताना डोळा लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर बसू नका. सोफ्याच्या कडेत बाळ अडकणं हे सगळ्यात धोक्याचं. पलंगावर बसा, आसपासच्या उशा-पांघरुणं बाजूला करा, आणि जाग आली की बाळ कॉटमध्ये. कॉट हाताच्या अंतरावर असला की हे खरंच घडतं.

आता तुमचं काम असं: नणंदेला कॉटच्या बाजू स्थिर आहेत की सरकत्या, एवढं आज विचारा. स्थिर असतील तर आठव्या महिन्यात आणून जोडून ठेवा, चारही कोपरे हलवून पाहा आणि आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळा. गजांमधली फट, आतली लांबी-रुंदी आणि खालच्या पातळीवरून कठड्याची उंची मोजून मला कळवा, गादी किती जाडीची चालेल ते त्यावरून सांगते.